डग्गा हरवला: वायर तपासायची की सबवूफर आणायचा?

सांगलीत गावभागातल्या आमच्या बारा फुटी खोलीत स्पीकरवर तबल्याची चाट खणखणीत ऐकू यायची, डग्गा मात्र गायब. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, सबवूफर आणूया." म्हणजे फक्त खर्जासाठीचा वेगळा स्पीकर. मी म्हटलं, आधी स्पीकरच्या मागं वाकून वायरी बघ तरी.

एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली, की एकाचा पडदा पुढं येतो तेव्हा दुसऱ्याचा मागं जातो आणि खर्ज एकमेकांतच जिरतो. तपासणी सोपी: अँप्लिफायर बंद करून एकाच स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा. खर्ज भरला, तर दोष सापडला. आमचा तिथंच सापडला. शिवाय स्पीकर भिंतीजवळ सरकवले की खर्ज वाढतो, कोपऱ्यात तर जास्तच. फार कोंबले तर गुबगुबतोही. आणि बसायची जागा! बारा फुटी खोलीत साधारण ४७ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४७ कंपनांचा, सूर मधोमध जवळजवळ मरतो, भिंतीशी घुमतो. आमची खुर्ची नेमकी मधोमध होती.

सबवूफरचं काम वेगळं. चार इंची पडद्याला ४० हर्ट्झची हवा पुरेशी हलवता येत नाही. तिथं सबवूफरच लागतो. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती सीमा, ८० हर्ट्झच्या आसपास ठेवून सुरुवात करावी. पण पैसे जातात, खालच्या काकूंची भांडी थरथरतात, आणि वायरीची चूक तशीच राहते.

भावाला सबवूफर अजून हवाच आहे. दिवाळीनंतर बघू म्हटलंय.