कुर्दी आणि ओडिया शेजारी शेजारी: भाषा-तुलनेच्या एका अ‍ॅपचा रिव्ह्यू

दोन भाषा निवडायच्या आणि अ‍ॅप त्यांचा तक्ता काढून देतं, बोलणारे किती, लिपी कोणती, अक्षरं किती, शिकायला किती आठवडे, धन्यवाद कसं म्हणायचं, वगैरे. मी कुर्दी आणि ओडिया ही जोडी मुद्दाम लावली कारण दोन्ही इंडो-इराणी कुळातल्या, एक इराणी शाखेतली तर दुसरी बंगाली-असमियाच्या बाजूची पूर्वेकडची, आणि मराठी बोलणाऱ्याला या जोडीतून स्वतःच्या भाषेबद्दल पण खूप कळू शकतं. अ‍ॅपचं नाव देत नाही, मुद्दा असल्या तक्त्यांचा आहे.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे "कुर्दी" असा एकच कॉलम. अहो कुर्दी ही एक प्रमाणभाषा नाहीच ना! तुर्कस्तान, सीरिया आणि इराकच्या उत्तर टोकाला कुर्मांजी, सुलेमानिया-अर्बिल आणि इराणच्या काही भागात सोरानी, शिवाय दक्षिणेकडच्या बोली वेगळ्याच. कुर्मांजी बहुतेक लॅटिन लिपीत लिहितात, जलादत अली बदिरखान यांनी 1932 मध्ये दमास्कसहून सुरू केलेल्या 'हवार' मासिकातून रुजलेली 31 अक्षरांची वर्णमाला, आणि सोरानी अरबी-फारसी वळणाच्या लिपीत, पण त्यात स्वर नीट लिहितात, अरबीसारखे गाळत नाहीत. सोव्हिएत काळात तिकडच्या कुर्दांसाठी सिरिलिक पण होती. अ‍ॅपमध्ये काय, तर अक्षरं 31, लिपी अरबी. म्हणजे आकडा एकीचा आणि लिपी दुसरीची! ऑडिओत कुर्मांजीतलं "स्पास" ऐकू येतं आणि खाली सोरानीतलं "सुपास" लिहिलेलं दिसतं, नवीन शिकणाऱ्याने यातून काय समजायचं?

बोलणाऱ्यांच्या संख्येचं पण तसंच. ओडियाचा आकडा 2011 च्या जनगणनेतला आहे, मातृभाषा म्हणून साधारण पावणेचार कोटी, तो मोजलेला आहे. कुर्दीचा आकडा हा अंदाज असतो, कारण तुर्कस्तानात 1965 नंतर मातृभाषेची आकडेवारी जाहीरच झालेली नाही, म्हणून कुणी दोन कोटी म्हणतं कुणी चार. एक मोजलेला आणि एक अंदाजे असे आकडे एकाच फॉन्टमध्ये शेजारी ठेवले की वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच पक्के वाटतात, खाली एक ओळ लिहायला काय हरकत होती.

ओडियाचा भाग मात्र चांगला केलाय हे मान्य करायलाच पाहिजे. अक्षरं मोठी, जोडाक्षरं फुटत नाहीत, आणि तो गोल माथा का आहे हे पण थोडक्यात सांगितलंय, की ताडपत्रावर लोखंडी लेखणीने सरळ आडवी रेघ ओढली तर पान चिरायचं. ळ चा उच्चार तर अगदी आपल्यासारखा स्वच्छ ऐकू येतो, बंगालीत तो नाही. पण इथेही पश्चिम ओडिशातल्या संबलपुरीचा उल्लेख नाही, तिला वेगळी भाषा मानावं अशी मागणी तिकडे बरीच जुनी आहे.

"दर्जा" या ओळीत ओडियासमोर अभिजात भाषा, 2014, आणि कुर्दीसमोर इराकमध्ये अधिकृत, बस. बरोबर आहे, 2005 च्या इराकी संविधानात अरबीसोबत कुर्दी अधिकृत आहे. पण खरी तुलना तर इथेच होती! एकोणिसाव्या शतकात ओडिया ही स्वतंत्र भाषाच नाही, बंगालीचीच एक बोली आहे असं छापून सांगितलं गेलं, त्याविरुद्ध फकीर मोहन सेनापतींसारखी माणसं उभी राहिली, आणि 1 एप्रिल 1936 ला भाषेच्या आधारावर वेगळा प्रांत झाला. तिकडे कुर्दांना "डोंगरी तुर्क" म्हटलं गेलं आणि तुर्कस्तानात 1983 च्या कायद्याने घातलेली भाषाबंदी 1991 मध्ये उठली. तुझी भाषा वेगळी नाहीच असं दोघींनाही ऐकवलं गेलं, फक्त एकीला राज्य मिळालं. हे तक्त्यात नसेल तर दर्जा ही ओळ ठेवायची कशाला?

आता व्याकरण, ज्यासाठी मी हे अ‍ॅप उघडलं होतं. अ‍ॅप म्हणतं दोन्हींत कर्ता-कर्म-क्रियापद असा क्रम, म्हणून "साम्य: जास्त". क्रम खरा आहे पण भूतकाळात जा की जरा. ओडियात "मुँ सेओ खाइलि", मी सफरचंद खाल्लं, एक खा नाहीतर दहा खा, क्रियापद खाइलिच राहतं कारण ते "मुँ"शी बांधलेलं आहे, बाई बोलली काय पुरुष बोलला काय फरक नाही. कुर्मांजीत "मिन सेव ख्वार" आणि सफरचंदं जास्त असली की "ख्वारिन". क्रियापद कर्माप्रमाणे बदललं! हे तर आपलं खाल्लं-खाल्ली झालं ना. आणि तो खातो म्हणताना "एव", पण त्याने खाल्लं म्हणताना "वी", आपल्या तो आणि त्याने सारखंच. कुर्मांजीत स्त्रीलिंग-पुल्लिंगही आहे, ओडियात व्याकरणातलं लिंग नाही. म्हणजे नात्याने ओडिया आपल्या जवळची, पण भूतकाळातलं वाक्य कसं बांधायचं ते कुर्मांजीवाल्याला आपल्याकडून समजावून घ्यावं लागणार नाही. आणि सोरानी परत वेगळी, तिथे लिंग नाही आणि कर्त्याची छोटी खूण कर्माला जाऊन चिकटते. मला तर हे वाचताना अक्षरशः आनंद झाला होता, आणि अ‍ॅपमध्ये यातलं एक अक्षर नाही.

"शिकायला किती आठवडे" ही ओळ सरळ सोडून द्या. असे आकडे मुळात अमेरिकन राजनैतिक अधिकाऱ्यांना शिकवण्याच्या अनुभवातून आलेत, मातृभाषा इंग्रजी असलेल्यांसाठी. मराठी माणसाला ओडियाला तेवढा वेळ कशाला लागेल, अर्धे शब्द तर आधीच ओळखीचे.

रेटिंग 5 पैकी अडीच, त्यातले दोन ओडियाच्या अक्षरांसाठी. लिपी गिरवायची असेल तर फुकटचं व्हर्जन पुरतं, पैसे भरून फक्त शब्दांच्या याद्या वाढतात, व्याकरण तेवढंच राहतं. कुर्दी शिकायची असेल तर आधी कुर्मांजी की सोरानी ते ठरवा आणि त्याच नावाने कोर्स शोधा, नुसतं "कुर्दी" टाकून शोधू नका, विकिपीडियासुद्धा दोन्हींचे वेगळे आहेत. डेव्हलपरला मी कळवलंय की कुर्दीचे दोन कॉलम करा आणि भूतकाळाची निदान चार वाक्यं टाका, ते झालं तर रेटिंग बदलेन.