इंदूरचा जुना टोपो नकाशा आणि रेसिडेन्सीची हद्द: रविवारच्या नकाशा वॉकचा रिव्ह्यू

साडेतीन स्टार. वॉकला साडेचार दिले असते, पण हातात जो नकाशा देतात त्याने एक कापला, कसा ते खाली सांगते.

आधी हे आहे काय ते. रविवारी सकाळी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी जमायचं, प्रत्येकाला सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या एक इंच एक मैल (कागदावरचा एक इंच म्हणजे जमिनीवरचा एक मैल) शीटची ए-थ्री प्रिंट मिळते आणि ती बघत बघत नदी, मग रेल्वेलाइन, मग छावनी करत रेसिडेन्सी एरियापर्यंत चालायचं. शेवटी चहा. गाइड हिंदीत बोलतो पण ग्रुपमध्ये अर्धे आपलेच होते, स्नेहलतागंजचे एक काका, लोकमान्य नगरच्या दोन काकू, त्यामुळे मागच्या रांगेत मराठीतून वेगळाच वॉक चालू होता आणि खरं सांगू तर तोच जास्त रंगला.

कन्सेप्ट मला एकदम पटला. इंदूर हे बॉर्डरवरचं शहर होतं असं म्हटलं की लोक हसतात, बॉर्डर म्हणजे वाघा, हेच डोक्यात. पण महिदपूरची लढाई हरल्यावर जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला, होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि सोबत इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे दरबारावर नजर ठेवणारा त्यांचा प्रतिनिधी, तोही येऊन बसला. म्हणजे शहर होळकरांचं, पण पूर्वेकडचा रेसिडेन्सीचा तुकडा इंग्रजांचा, तिथे महाराजांचा हुकूम चालत नव्हता. १८५४ पासून तर सगळ्या सेंट्रल इंडिया एजन्सीचं, म्हणजे इथल्या संस्थानांवर देखरेख ठेवणाऱ्या इंग्रजी कारभाराचं, मुख्य ऑफिस तिथेच. आपण दिवसातून चार वेळा छावनीतून गाडी काढतो, धान्य मंडीच्या ट्रॅफिकला शिव्या घालतो, पण ती छावनी कुणाची हे कधी डोक्यातच येत नाही.

आणि ही झाली फक्त आतली हद्द, बाहेर तर अजून मजा. उज्जैन शिंद्यांचं, देवास पवारांचं आणि तेही दोन, थोरली पाती धाकटी पाती, धार अजून वेगळ्या पवारांचं, महू इंग्रजांचं कॅन्टोन्मेंट. हे सगळं इंदूरपासून साठ-पासष्ट किलोमीटरच्या आत. आजचा इंदूर-उज्जैन अपडाउनवाला तेव्हा रोज राज्य बदलत गेला असता. १९४८ ला मध्य भारत झाला तेव्हा ही सगळी ठिगळं एकत्र आली. गाइडने हा भाग दोन वाक्यांत उरकला, का कोण जाणे, मला वाटतं मराठी माणसाला तर हाच सगळ्यात जवळचा.

१ जुलै १८५७ चं मात्र त्याने फार छान सांगितलं, रेसिडेन्सीपाशी उभं करून. होळकरांच्या फौजेतल्या सआदत खानच्या लोकांनी हल्ला केला, इंग्रजांचा एजंट ड्युरँड सीहोरकडे पळाला, वगैरे. तोफा कुठून आल्या असतील, पळायची वाट कुठली, हे नकाशावर बोट ठेवून बघितलं की शाळेतल्या पुस्तकातला धडा एकदम खरा वाटतो. काका पूर्ण वेळ मान डोलवत होते, मग हळूच मला म्हणाले, "बेटा, ह्यातलं निम्मं मी आजोबांकडून ऐकलंय, पण कुठे घडलं ते आज कळलं."

आता नकाशा. ह्या शीटचा नंबर ४६ एन/१४. इंदूर तिच्या वरच्या कडेला बसलंय, महू पश्चिमेच्या कडेला चिकटलेलं आणि खाली अगदी तळाशी पाताळपाणी, जिथे माळव्याचं पठार संपून निमाडकडे उतरतं आणि कॉन्टूर लाइन्स (सारखी उंची जोडणाऱ्या रेषा) एवढ्या दाट होतात की तपकिरी डागच दिसतो. तिथूनच होळकरांची मीटरगेज गेली, जिच्यासाठी तुकोजीराव दुसऱ्यांनी इंग्रजांना एक कोटीचं कर्ज दिलं होतं, साडेचार टक्क्याने, १०१ वर्षांसाठी! एवढं सगळं एका कागदात. गावांची नावं वाचायला तर मला सगळ्यात जास्त आवडलं, पलासिया, खजराना, मूसाखेडी, पिपल्याहाना, हे सगळे चौराहे नाहीत तर गावं आहेत, शेतात बसलेली, बाजूला विहिरींचे छोटे निळे गोल.

आणि अशा कागदाचं आयोजकांनी काय केलं? मार्जिन कापलं. सर्व्हे कुठल्या साली झाला, एडिशन कुठली, खुणांचा अर्थ काय, स्केलची पट्टी, हे सगळं मार्जिनमध्येच असतं. सर्व्हेचं साल आणि छपाईचं साल ह्यात मोठं अंतर असू शकतं, त्यामुळे साल नसेल तर नकाशा कधीचं इंदूर दाखवतोय हेच कळत नाही, गाइडला विचारलं तर म्हणे "अंग्रेजों के ज़माने का". अरे तो जमाना सव्वाशे-दीडशे वर्षांचा आहे भिया! वर पूर्ण शीट साधारण सतरा बाय सोळा इंची, ती ए-थ्रीत कोंबली की आपोआप लहान होते, मग एक इंच एक मैल उरतच नाही. एक काकू बिचाऱ्या पट्टीने राजवाडा ते महू मोजत होत्या, उत्तर दहाच्या आत आलं, खरं तर सरळ रेषेत तेरा मैलांच्या वर आहे. आणि रेसिडेन्सीची हद्द लाल पेनाने हाताने काढलेली, कशावरून काढली ते कुठेच लिहिलं नाही. ज्या रेषेवर अख्खा वॉक उभा आहे तिचाच पत्ता नाही!

विजयनगरच्या लोकांनी फार आशा ठेवू नका, शीट २२ अंश ४५ मिनिटांवर संपते, म्हणजे तुम्ही बरोब्बर कडेवर, सांवेर रोड तर वरच्या १३ नंबरच्या शीटमध्ये. दोन्ही जोडून द्यायला काय जात होतं. गल्लीबोळही शोधू नका, ह्या स्केलवर जुनं शहर म्हणजे दोन-तीन बोटांचा लाल ठिपका. गल्ल्यांसाठी १९१८ चा नगररचनाकार पॅट्रिक गेडेसचा इंदूर रिपोर्ट बघावा, तो होळकर दरबारसाठीच केलेला होता.

जायचं असेल तर प्रिंटवर अवलंबून राहू नका. टेक्सास विद्यापीठाच्या लायब्ररीच्या साइटवर अमेरिकन आर्मीची १९५० च्या दशकातली १:२,५०,००० स्केलची शीट्स फुकट आहेत, आपल्या इंदूरच्या शीटचा नंबर एनएफ ४३-७, मार्जिनसकट. आजची १:५०,००० ची सर्व्हे ऑफ इंडियाच्या पोर्टलवर लॉगिन करून मिळते. दोन्ही मोबाईलमध्ये टाकून घ्या, छावनीत शिरल्यावर फार उपयोग होतो.

बाकी फी ठीक, वेळेवर सुरू, चहा पाणचट. चप्पल घालून येऊ नका, नदीकाठचा तुकडा खराब आहे, आणि वाटेत टॉयलेटची सोय आयोजकांनी बघायलाच हवी, सिनियर लोक खूप येतात. पुढचा वॉक महूचा ठेवलाय म्हणतात. मार्जिनवाली शीट देणार असतील तर मी जाईन, मी त्यांना तसं लिहूनही दिलंय.