कॅमेऱ्याच्या कपाटाची किल्ली कोणाकडे?

ऐरोलीच्या माझ्या भाचीला बारावीनंतर सिनेमा शिकायचाय, आणि तोही हाताने करून. तिच्या बाबांना, म्हणजे आमच्या दाजींना, पदवीचा कागद हवाय. मी मालिकांचं एडिटिंग करतो, त्यामुळे मामाला यातलं कळतं असा घरचा समज आहे. दोघांनी मला मध्ये घातलं आणि मी तिच्याबरोबर चार ठिकाणं पाहून आलो. ठाणे-नवी मुंबईत आणखी कुणाच्या घरात हाच वाद चालू असेल, म्हणून लिहितोय.

सगळ्यात सोयीचा पर्याय मुंबई विद्यापीठाचं बीएएमएमसी, म्हणजे मल्टिमीडिया आणि मास कम्युनिकेशनमधली बीए. 2019 पर्यंत याला बीएमएम म्हणायचे आणि रिक्षावाल्यापासून प्राध्यापकांपर्यंत सगळे अजून तेच म्हणतात. ठाण्यात जोशी-बेडेकर, नेरूळला एसआयईएस. ऐरोलीहून दोन्हीकडे ट्रान्स-हार्बर लोकलने थेट जाता येतं. फी वर्षाला हजारांत. पण हा अभ्यासक्रम माध्यमांचा आहे, सिनेमा त्यातला एक कोपरा. इतकी वर्षं तिसऱ्या वर्षाला जाहिरात किंवा पत्रकारिता यांतलं एक निवडावं लागायचं. नव्या शैक्षणिक धोरणानंतर विषयांची मांडणी बदलते आहे, तेव्हा जुन्या विद्यार्थ्याच्या सांगण्यावर जाऊ नका, चालू वर्षाचा अभ्यासक्रम कॉलेजातून मागून घ्या.

याच विद्यापीठाचा आणखी एक अभ्यासक्रम आहे, जो बऱ्याच पालकांना ठाऊकच नसतो: फिल्म, टेलिव्हिजन आणि न्यू मीडिया प्रॉडक्शन या विषयातली तीन वर्षांची बीए. कामाच्या दृष्टीने हा सिनेमाच्या जास्त जवळचा. मात्र तो मोजक्याच कॉलेजांत आहे, उदाहरणार्थ पार्ल्याच्या उषा प्रवीण गांधी कॉलेजात. म्हणजे ठाण्याहून घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी, मग पुन्हा लोकल. हातात ट्रायपॉड घेऊन हा प्रवास एकदा करून पाहा, मग ठरवा.

दुसरी बाजू खासगी विद्यापीठं आणि फिल्म स्कूलची. गोरेगावच्या चित्रनगरीत 2006 साली सुरू झालेलं सुभाष घईंचं व्हिसलिंग वूड्स सगळ्यांना माहीत आहे. पनवेलच्या अलीकडे-पलीकडेही आता पर्याय आहेत. फी लाखांत, आणि ती भरूनही आपल्या फिल्मचा खर्च बहुधा वेगळाच: कलाकारांचं जेवण, टेम्पो, लोकेशन. हे माहितीपत्रकात नसतं, विचारावं लागतं.

अशा एका ठिकाणी समुपदेशक बाईंनी आम्हाला स्टुडिओ दाखवला. काचेच्या कपाटात चार उत्तम कॅमेरे होते. भाची हरखली. मी म्हटलं, कॅमेरे कोणी, कधी नेले याचं रजिस्टर दाखवाल का? बाई आत गेल्या आणि सरबत घेऊन आल्या. रजिस्टर काही आलं नाही. जाताना शिपाईदादांनी सांगितलं, किल्ली लॅबच्या सरांकडे असते आणि सर पाचला निघतात. सिनेमाची मुलं पाचनंतरच तर मोकळी होतात!

त्याच दिवशी तिला एक हिशेब करून दाखवला. साठ मुलांचा वर्ग, सहा-सहांचे गट, सेमिस्टरला एक फिल्म. म्हणजे दहा फिल्म आणि दहाच दिग्दर्शक. उरलेल्या पन्नास जणांनी काय केलं? कुणी क्लॅप दिला, कुणी प्रॉडक्शन सांभाळलं, कुणी वडापाव आणले. हेही शिक्षणच, पण तीन वर्षं वडापावच आणले तर पैसे वाया. म्हणून कुठेही गेलात तरी विचारा: तीन वर्षांत माझी किती कामं पूर्ण होतील, आणि प्रत्येकात माझी जागा कोणती? ज्या ठिकाणी जबाबदाऱ्या आळीपाळीने फिरवतात, ते ठिकाण साध्या कॅमेऱ्यांसह चालेल.

आता माझ्या दुखऱ्या नसेवर येतो. दाखवायला सगळ्यांकडे कॅमेरे असतात. आवाजाचं विचारलं की चेहरे कोरे. विद्यार्थ्यांच्या फिल्म मी बऱ्याच पाहतो. चित्र आता मोबाइलवरही देखणं येतं, फिल्म पडते ती आवाजावर. ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये आई-मुलीचा नाजूक प्रसंग चाललाय, वर पंखा घरघरतोय, मागून लोकल गेली, शेजारच्या कुकरने तिसरी शिट्टी दिली. तीन टेक घेतले आणि तिन्हींत शिट्टी वेगळ्या जागी. मी ते जोडू कसे? अंधारा शॉट मी प्रतिक्रियेच्या क्लोजअपवर झाकून नेतो, पण संवाद गेला की गेला. डबिंग करावं लागतं, आणि नवख्या कलाकाराचा जीव डबिंगमध्ये हमखास कमी पडतो. शूटिंगच्या वेळी सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीचा रिकामा आवाज मिनिटभर घेऊन ठेवायचा असतो, तो एडिटच्या सांध्यांखाली पसरायला. हे जिथे पहिल्या सेमिस्टरला करून घेतात, तिथे शिकवणाऱ्याने स्वतः कधीतरी मार खाल्लेला आहे असं समजा. आम्ही पाहिलेल्या चार ठिकाणांपैकी एकाच प्राध्यापकाने आपणहून बूमचा, म्हणजे लांब दांडीवरच्या माइकचा, विषय काढला. ते साध्या अनुदानित कॉलेजातले होते.

तिसरा रस्ता म्हणजे पुण्याची एफटीआयआय, म्हणजे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट. 1960 साली प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झालेली ही संस्था, 2025 मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जाही मिळाला. पण दिग्दर्शन, छायालेखन, संकलन, ध्वनी या मुख्य अभ्यासक्रमांना कोणत्याही शाखेची पदवी लागते आणि वर प्रवेश परीक्षा. बारावीनंतर थेट जाता येत नाही, हे ऐकून भाचीचा चेहरा उतरला, दाजींचा खुलला.

मधली तीन वर्षं सेटवर काढावीत असंही सुचवणारे भेटतात. घोडबंदर रोडवर मराठी मालिकांचं शूटिंग होत असतं, ठाण्याच्या मुलांना घरापासून अर्ध्या तासावर. असिस्टंट म्हणून लागलात तर कंटिन्युइटी (एका शॉटमधले कपडे, वस्तू, हालचाली पुढच्या शॉटशी जुळवणं), कॉल टाइम (सेटवर हजर व्हायची वेळ), बारा तासांच्या शिफ्टमध्ये डोकं शांत ठेवणं हे जितक्या लवकर येतं तितकं वर्गात येणार नाही. पण तिथे एपिसोडची घाई असते. एका संवादावर तीन चेहऱ्यांचे शॉट लावायची हाताला सवय लागते, ती सुटायला मला स्वतःला दोन वर्षं लागली. सुट्टीत दोन महिने जा, पदवी सोडून जाऊ नका.

माझं मत विचाराल तर घरात कर्ज न काढता लाखांची सोय असेल आणि रजिस्टर समोर ठेवणारं विद्यापीठ सापडलं, तर खुशाल तिकडे जा. कर्ज काढावं लागणार असेल तर मी जवळचं कॉलेज घेईन, वाचलेल्या पैशातला थोडा बऱ्या मायक्रोफोनवर आणि दोन हार्ड डिस्कवर घालीन, दर सुट्टीत पाच मिनिटांची एक फिल्म पूर्ण करीन आणि पदवीनंतर पुण्याची परीक्षा देईन. दाजींना हे पटलंय. भाचीला अर्धंच पटलंय. तिला काचेचं कपाट अजून दिसतंय.

फॉर्म दोन्हीकडे भरलेत. फी भरण्याआधी त्या कपाटवाल्या ठिकाणी पुन्हा एकदा जाणार आहोत, या वेळी न कळवता, संध्याकाळी सहा वाजता.