लोटस २५ की लोटस ४९?
धाकट्या भावाला लोटस या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या फॉर्म्युला वन शर्यतीच्या गाडीचं छोटं मॉडेल बनवायचंय, पण २५ घ्यावी की ४९ यात अडकलाय, म्हणून लिहितोय.

बांधणी बघ, २५ ने १९६२ ला फॉर्म्युला वनमध्ये पाइपांच्या सांगाड्याऐवजी पत्र्याचा मोनोकॉक (पेटीसारखा एकसंध सांगाडा) आणला, लोटसचा ड्रायव्हर जिम क्लार्क त्यात जवळजवळ आडवा होऊन चालवायचा. ४९ ला तर मागे चासीच नाही, कॉसवर्थ कंपनीचं इंजिनच सांगाडा, मागचं सस्पेन्शन त्याच्यावरच.

भरवशात २५ पुढे, १९६३ ला क्लार्कने १० पैकी ७ शर्यती आणि वर्ल्ड टायटल जिंकलं. ४९ पहिल्याच शर्यतीत जिंकली, १९६७, नेदरलँड्समधलं झांडवूर्ट, पण मग सारखी बंद पडायची आणि टायटल ब्रॅबम टीमच्या डेनी हल्मकडे गेलं. १९६८ ला क्लार्क शर्यतीत अपघाताने गेला, त्याच वर्षी त्याचा टीममेट ग्रॅहम हिलने ४९ मधूनच टायटल आणलं, आजही वाचताना गलबलतं.

एकूण विजय २५ चे १४ आणि ४९ चे १२.

क्लार्कसाठी बनवत असशील तर २५, इंजिन उघडं दिसायला हवं तर ४९.