पानांतील कार्बन-१३ ची तपासणी : यंत्र चोख, अहवाल आधी अपुरा

गव्हाच्या वाणांची पाणीवापर कार्यक्षमता पारखण्यासाठी मी सलग दोन हंगाम पानांचे नमुने समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) मोजणाऱ्या एका प्रयोगशाळेकडे पाठवले. हा अभिप्राय त्या सेवेबद्दल आहे.

हवेतील कार्बन डायऑक्साइडमधल्या कार्बनपैकी सुमारे १.१ टक्के कार्बन-१३ असतो. पर्णरंध्रे मोकळी असताना रुबिस्को हे कार्बन बांधणारे विकर हलका कार्बन-१२ अधिक पसंत करते. पाणी राखण्यासाठी रंध्रे आवळली गेली की पानाच्या आतला वायू कमी पडतो, निवडीला वाव राहत नाही आणि जड कार्बन-१३ ही जास्त प्रमाणात बांधला जातो. म्हणजे पानात कार्बन-१३ जास्त, तर पाण्याचा वापर काटकसरीचा. ग्रॅहम फार्कर आणि रिचर्ड रिचर्ड्स यांनी १९८४ मध्ये गव्हावर हा संबंध दाखवला आणि त्याच वाटेने २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात ‘ड्रायस्डेल’ हा वाण आला. शेतात वायू-विनिमय मोजणारे यंत्र पानाचा एक क्षण पकडते, तर ही तपासणी पान घडले त्या साऱ्या काळाचा हिशेब देते. मला तिचे मोल वाटते ते यासाठीच.

नमुने वाळवून दळण्याचे काम आमच्याकडे होते, तर वजन करण्याचे प्रयोगशाळेकडे. ते काम मी जवळून पाहिले. जेमतेम एक मिलिग्रॅम भुकटी कथिलाच्या इवल्याशा कुपीत घालून चिमट्याने तिची घट्ट घडी करतात. कोरड्या हवेत स्थिर विजेमुळे भुकटी कडेला उडते, म्हणून प्रत्येक घडीनंतर चिमटा पुसला जात होता. पुढे सुमारे १००० अंश सेल्सिअसला ज्वलन होऊन निघालेला वायू मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे हलके-जड अणू वेगळे मोजणाऱ्या यंत्रात, जातो.

तक्रार पहिल्या हंगामाची आहे. एकाच भुकटीच्या दोन कुप्यांत कार्बन-१३ च्या प्रमाणात ०.७ प्रति हजार इतका फरक आला होता, आणि संदर्भ-पदार्थांची (यंत्र तपासण्यासाठी मोजले जाणारे, मूल्य आधीच ठाऊक असलेले पदार्थ) मोजमापे अहवालात नव्हतीच. दोन वाणांतला फरकच जिथे एक प्रति हजारच्या आसपास असतो, तिथे एवढी तफावत असलेला अहवाल शेरा न मारता पाठवणे मला गैर वाटते. विचारणा केल्यावर मात्र त्यांनी नमुने विनातक्रार पुन्हा मोजले आणि पानाच्या मधल्या शिरेचे भरड कण भुकटीत राहिल्याचे दाखवून दिले. मी दळण अधिक बारीक केले. दुसऱ्या हंगामात जोडकुप्यांमधील फरक ०.२ च्या आत राहिला आणि संदर्भ-मोजमापेही न मागता आली.

मका किंवा ज्वारीसाठी ही तपासणी मी सुचवणार नाही, कारण त्यांच्यात हा संकेत फार क्षीण असतो. गहू, भात, भुईमूग यांसारख्या पिकांचे वाण एकाच शेतात, एकाच हंगामात शेजारी-शेजारी लावून तुलना करायची असेल, तर नमुने पाठवावेत. मात्र संदर्भ-मोजमापे आणि जोडकुप्या यांची मागणी पहिल्याच पत्रात लेखी करावी.