जुन्या रेकॉर्ड विकायच्यात: सगळा लॉट एकदम द्यावा की एकेक विकावी?

ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडी भागातल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला जायला लागल्यापासून पोटमाळ्यांवरचं बरंच काही खाली येतंय. त्यात रेकॉर्ड असतातच. आजोबांच्या लाखेच्या तबकड्या, वडिलांनी पगारातून एकेक करून घेतलेल्या एलपी, काकांच्या कॉलेजच्या दिवसांतल्या इंग्रजी, आणि कोपऱ्यात पट्टा तुटलेला प्लेअर. ताबा द्यायची तारीख जवळ आलेली असते, भाड्याच्या घरात जागा नसते, आणि कोणीतरी म्हणतं, "कोणाला तरी फोन करा आणि देऊन टाका एकदाचं."

देऊन टाकायला हरकत नाही. पण कोणाला आणि कसं, यावर हातात येणारे पैसे तर ठरतातच, शिवाय त्या रेकॉर्ड पुढे वाजणार की कचऱ्यात जाणार हेही ठरतं. मी बरीच वर्षं रेकॉर्ड जमवतोय, ठाणे-नवी मुंबईतल्या अनेक घरांत असे लॉट पाहिलेत. म्हणून विकायचे जे मार्ग आहेत ते एकमेकांशेजारी ठेवून बघतो.

आधी ढीग वेगळे करा

मिश्र लॉटमध्ये तीन जाती असतात आणि तिघींचे गिऱ्हाईक वेगळे. जाड, जड, हातातून पडली की फुटणारी ती ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी, लाखेची तबकडी. एका बाजूला साधारण तीन मिनिटांचं एकच गाणं. सात इंची छोटी ती ईपी, बहुतेक ४५ गतीची, दोन्ही बाजू मिळून चार गाणी. आणि बारा इंची ती एलपी, ३३⅓ गतीची. गती लेबलवर छापलेली असते. हे तीन ढीग न करता "दोनशे रेकॉर्ड आहेत, काय द्याल?" असं विचारलंत, की समोरचा सगळ्यात स्वस्त ढिगाचा भाव सगळ्यांना लावतो.

मग अवस्था बघा. रेकॉर्ड ट्यूबलाइटखाली तिरकी धरून हळूहळू फिरवायची. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या आणि नखाला लागल्या नाहीत, तर त्या सहसा फारशा ऐकू येत नाहीत. नखाला अडणारा चरा मात्र वाजताना ऐकू येतोच. एलपीच्या एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात, तेवढ्या अंतराने "टक्" येत राहतं. पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती येणारच, आणि एलपीवरून बहुतेक वेळा निघते. डिस्टिल्ड वॉटर, सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ कापड, खोबणीच्या दिशेनेच हात, लेबल कोरडं. स्पिरिट किंवा अल्कोहोल लाखेच्या तबकडीला लावू नका. लाख त्यात विरघळते, तबकडी कायमची जाते.

आणि एक कळकळीची विनंती: "वाजते का बघू" म्हणून त्या जुन्या प्लेअरची झिजलेली सुई चांगल्या रेकॉर्डवर टेकवू नका. झिजलेली सुई खोबण खरवडते. ७८ला तर मुळात जाड टोकाची वेगळी सुई लागते.

लेबल आणि कव्हर यांचे क्रमांक जुळतात का तेही बघून घ्या. घरात चार पाहुणे जमले, गाणी लावली, आणि रेकॉर्ड चुकीच्या कव्हरात गेली, हे प्रत्येक घरात झालेलं असतं. जोड्या लावण्यात एक संध्याकाळ घातली तर ती वाया जात नाही. दोन-तीन तबकड्यांचा संच असेल तर तो पूर्ण आहे का पाहा. एक तबकडी हरवली की संचाचा भाव एकदम खाली येतो.

भंगारवाला

हा मार्ग लिहिलाय कारण लोक तो घेतात. कव्हरं रद्दीत, रेकॉर्ड प्लास्टिकमध्ये, वजनावर. शंभर एलपी कव्हरांसकट वीस-पंचवीस किलोंच्या घरात जातात, तेव्हा किती मिळतील याचा अंदाज तुम्हीच करा. फुटलेल्या, वाकून वाटीसारख्या झालेल्या रेकॉर्ड सोडल्या तर मी कोणालाही हे सुचवणार नाही.

जुन्या वस्तूंचा व्यापारी

मुंबईत याचं जुनं ठिकाण म्हणजे चोर बाजार, मटण स्ट्रीट. ठाण्याहून स्लो लोकलने आणि नवी मुंबईहून हार्बरने, दोन्हीकडून सँडहर्स्ट रोडला उतरता येतं. शुक्रवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात. माल घेऊन जाऊ नका, गर्दीच्या लोकलमध्ये त्या वजनासकट चढणं हाच एक त्रास आहे आणि लाखेच्या तबकड्या त्यात टिकत नाहीत. मोबाइलवर फोटो आणि एक यादी घेऊन जा. लॉट बरा वाटला तर व्यापारी घरी येऊन उचलतात.

फायदा उघड आहे: एका दिवसात जागा मोकळी, रोख पैसे, कोणाशी पत्रव्यवहार नाही. भाव कमी मिळतो, आणि त्यात अन्याय आहे असं मला वाटत नाही. व्यापाऱ्याला तो माल साठवायचा असतो, निम्मा वर्षानुवर्षं पडून राहतो, गाळ्याचं भाडं आहे. त्याचा पोटाचा धंदा आहे.

जपायचं ते वेगळ्याच ठिकाणी. नेरूळच्या एका घरी मी जाऊन पोचलो त्याच्या आदल्याच दिवशी एक घेणारा येऊन गेला होता. पूर्ण लॉटचा भाव ठरवला, मग "आज टेम्पो नाही, थोड्या घेऊन जातो" म्हणत पंधरा-वीस निवडून नेल्या, त्यांचे लॉटच्या सरासरीने पैसे दिले, आणि पुन्हा फोन उचलला नाही. मागे उरलं ते कोणालाच नको होतं. म्हणून भाव लॉटचा ठरला असेल तर लॉट पूर्ण उचलायचा. निवडून न्यायच्या असतील तर निवडलेल्यांचा भाव वेगळा. हे पहिल्या फोनवरच सांगून टाका.

संग्राहक

मला स्वतःला हा मार्ग बहुतेक घरांसाठी सगळ्यात चांगला वाटतो. संग्राहकाला काय हवंय ते नेमकं माहीत असतं, तो ऐकण्यासाठी घेतो, आणि एखाद्या रेकॉर्डसाठी व्यापाऱ्यापेक्षा जास्त देतो. अडचण एवढीच की त्याला सगळं नको असतं. नाट्यसंगीतवाला इंग्रजी पॉपकडे बघणार नाही, आणि उलटही. मग तीन ढिगांसाठी तीन माणसं शोधावी लागतात, त्यात दोन-चार आठवडे जातात. फेसबुकवरचे रेकॉर्डप्रेमींचे गट आणि ओळखीच्या गाणं ऐकणाऱ्या मंडळींमार्फत शोधा.

मराठी रेकॉर्डच्या बाबतीत तर दुसरीकडे जाऊच नये. भावगीतं, अभंग, नाट्यपदं, बालगंधर्वांच्या किंवा हिराबाई बडोदेकरांच्या ७८च्या तबकड्या, यांचं मोल जाणणारी माणसं ठाणे, डोंबिवली, पुणे इथेच आहेत. परदेशातला गिऱ्हाईक त्यासाठी थांबलेला नाही.

७८च्या तबकड्या संख्येने बऱ्याच असतील तर मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेचं नाव लक्षात ठेवा. जुन्या ध्वनिमुद्रणांवर मनापासून काम केलेल्या लोकांचं ते वर्तुळ आहे. निदान तुमच्याकडे काय आहे हे सांगू शकेल असं माणूस त्या वर्तुळात भेटण्याची शक्यता मोठी.

एकेक करून ऑनलाइन

भाव सगळ्यात चांगला इथे, कष्टही सगळ्यात जास्त इथेच. प्रत्येक रेकॉर्डचे दोन्ही बाजूंचे फोटो, लेबल, कव्हरच्या कडा, अवस्थेचं खरं वर्णन, मग "लास्ट प्राइस?" असे दहा मेसेज, मग पॅकिंग आणि पोस्ट.

भाव ठरवायला डिस्कॉग्ज ही साइट वापरा, विकायचं तिथे नसलं तरी. २००० सालापासूनचा तो प्रचंड कोश आहे आणि त्यात पूर्वी झालेल्या विक्रीचे कमी, मधले, जास्त भाव दिसतात. मागितलेला भाव बघू नका. कोणीही काहीही मागतं. झालेल्या विक्रीचा बघा. आणि तुमचीच आवृत्ती आहे ना हे लेबलवरच्या क्रमांकावरून, शिवाय लेबलला लागून जो गुळगुळीत काळा भाग असतो त्यात कोरलेल्या अक्षरांवरून ताडून घ्या. एचएमव्हीच्या शास्त्रीय एलपींवर ईएएलपी म्हणजे मोनो आणि ईएएसडी म्हणजे स्टीरिओ. अक्षरं दोन-तीनच, पण भावात फरक पडू शकतो.

इथेच बऱ्याच घरांचा अपेक्षाभंग होतो. त्या काळी जे घरोघरी होतं ते आजही घरोघरी निघतं. 'शोले'च्या संवादांची पॉलिडॉर कंपनीची एलपी, बोनी एम, आब्बा, जिम रीव्ह्ज हे इतकं खपलं होतं की चांगली प्रतसुद्धा दुर्मीळ म्हणता येत नाही. दुर्मीळ ते, जे तेव्हा कोणी घेतलं नाही. वादक चरणजित सिंग यांनी १९८२मध्ये सिंथेसायझरवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले, एचएमव्हीने एलपी काढली, ती चालली नाही. २०१०मध्ये परदेशातून ती पुन्हा निघाली तेव्हा जगभर लोक थक्क झाले, आणि आता मूळ प्रत मिळणं मुश्कील. तेव्हा ज्या कव्हरावरचं नाव घरात कोणालाच आठवत नाही, ती रेकॉर्ड आधी तपासा.

फसवणुकीचं एक: "पैसे पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका" असं कोणी म्हणालं की बोलणं बंद करा. पैसे घेताना यूपीआय पिन कधीच लागत नाही.

परदेशी विकणं

दहा-वीस खरोखर चांगल्या रेकॉर्ड असतील तरच याचा विचार करा. साठच्या दशकातलं हिंदी चित्रपटसंगीत, सत्तरच्या दशकातले वाद्यवृंदाचे प्रयोग यांना बाहेर मागणी आहे. एक खास भारतीय गोष्ट म्हणजे बीटल्सच्या ७८च्या तबकड्या. इंग्लंडात ७८ बंद पडल्यानंतरही आपल्याकडे त्या निघत राहिल्या, म्हणून १९६३ नंतर बीटल्सची गाणीही इथे लाखेवर छापली गेली. जगभरचे संग्राहक त्या शोधतात. काकांच्या ढिगात पार्लोफोन या बीटल्सच्या कंपनीचं लेबल असलेली जाड तबकडी दिसली तर ती सगळ्यात आधी बाजूला ठेवा.

पाठवताना रेकॉर्ड कव्हरातून बाहेर काढून आतल्या पाकिटासकट कव्हराच्या मागे ठेवायची, नाहीतर प्रवासात तिची कड कव्हराची शिवण फाडते. दोन्ही बाजूंना कडक पुठ्ठा. लाखेच्या तबकडीला याच्या दुप्पट काळजी.

आणि कायदा. १९७२च्या पुरातन वस्तूंविषयीच्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या, कलेच्या किंवा इतिहासाच्या दृष्टीने मोलाच्या वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. भारतात ध्वनिमुद्रण १९०२मध्ये कोलकात्यात नीट सुरू झालं, गायिका गौहरजान पहिल्या काही कलाकारांपैकी एक, आणि सुरुवातीच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून यायच्या. लेबलवर हॅनोव्हर दिसलं, तर परदेशी पार्सलचा विषय सोडा आणि इथला जाणकार गाठा.

मग निवडायचं काय?

हिशेबापुरते आकडे धरू. तुमच्याकडे ७० एलपी आहेत आणि व्यापारी सगळ्यांचे सरसकट १०० रुपये देतोय: ७,००० रुपये. त्यातल्या आठ तुम्ही स्वतः प्रत्येकी १,००० ला विकल्या तर ८,०००. उरलेल्या ६२ला व्यापारी आता ५०च देणार, कारण मलई गेलीय: ३,१००. एकूण ११,१००, म्हणजे ४,१०० जास्त. एका विक्रीला फोटोपासून पोस्टापर्यंत दोन तास धरले तर सोळा तासांचं काम. जमत असेल तर जरूर करा. पण अशा चांगल्या एलपी तीनच असतील, तर ३,००० अधिक ६७ एलपी ७०च्या भावाने ४,६९०, म्हणजे ७,६९०. सहाशे नव्वद रुपयांसाठी मी लॉट फोडणार नाही.

ताबा द्यायला आठवडाच उरला असेल तर दोन व्यापाऱ्यांचे भाव घेऊन लॉट पूर्ण द्या, फक्त मराठी ७८ आणि शंका वाटणाऱ्या पाच-दहा रेकॉर्ड सोबत न्या. तेवढ्या भाड्याच्या घरातही मावतात. महिना असेल तर ढिगागणिक संग्राहक शोधा आणि उरलेलं व्यापाऱ्याला द्या, काय काढून घेतलंय ते स्पष्ट सांगून. वर्षभर सवड असेल, हौस असेल, तर एकेक विका. पॅकिंग पावसाळ्यात करू नका, पुठ्ठा ओल धरतो. विकेपर्यंत रेकॉर्ड उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका, आणि पश्चिमेच्या खिडकीपासून लांब.

घरच्यांशी एक बोलून घ्या: कोणाला कुठली ठेवायची आहे ते घेणारा दारात यायच्या आधी ठरवा. सौदा झाल्यावर आत्या "ती माझी होती" म्हणते आणि लॉटमधून रेकॉर्ड परत काढावी लागते, तेव्हा घेणारा भाव पाडतो आणि त्याचं चुकतही नाही. माल उचलताना तिन्ही ढीग त्याच्यासमोर वेगवेगळे मोजा, पैसे खात्यात आलेले बघा, मग टेम्पो भरू द्या.