मूल होण्यासाठी लगेच आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार), की आधी तीन महिने तयारी?

शुक्राणू तयार व्हायला साधारण 70 ते 75 दिवस लागतात. म्हणजे नवऱ्याने आज सिगारेट सोडली, तर फरक दिसायला जवळपास तीन महिने जातात. ही बाजू फार दुर्लक्षित राहते. सगळी पथ्यं बायकोच्याच वाट्याला येतात, आणि ते मला मनापासून खटकतं. वय हाताशी असेल, पण वजन जास्त किंवा साखर आटोक्यात नसेल, तर आधी तयारी करणंच मला योग्य वाटतं.

बायकोचं वय 38च्या पुढे असेल किंवा एएमएच (स्त्रीबीजांचा साठा किती उरलाय ते सांगणारं हार्मोन) कमी असेल, तर मात्र थांबू नका. व्यायामाने स्त्रीबीजांचं वय मागे जात नाही. उपचारांसोबतच दोघांनीही सिगारेट-दारू बंद करावी.

लगेच आयव्हीएफ करा की आधी तयारी, बायकोला फोलिक ॲसिड हवंच: रोज 400 मायक्रोग्रॅम, गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधीपासून. काहींना डॉक्टर जास्त डोस देतात.